एक घंटी

बुधवार, १९ नोव्हेंबर. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पवनीहून भंडाऱ्याला जाणाऱ्या बसच्या मागच्या दारातून शकुनबाई रस्त्यावर पडल्या. कोंढ्याचा थांबा पंधरा-वीस पावलं मागे राहिला होता. गाडी चालू होती. शकुनबाईंचं वय अडुसष्ट. हातातली पिशवी फाटली आणि तिच्यातले काळे शिंगाडे डांबरावर पसरले. गाडीवर कंडक्टर मेघा गभणे होती, वय एकोणचाळीस, नोकरी चौदा वर्षं. ड्रायव्हर केशवराव, निवृत्तीला चार महिने. एवढ्याबद्दल कोणाचंच दुमत नाही. वाद आहे तो पडण्याआधीच्या चार-पाच सेकंदांबद्दल. मेघा म्हणते, तिने घंटी दिली. केशवराव म्हणतात, घंटी वाजली नाही.

दोन घंट्या म्हणजे काढा, एक घंटी म्हणजे थांबा. गाडी जुनी, दार मागे, त्यामुळे ड्रायव्हरला पायरी दिसत नाही. त्याला कंडक्टरच्या हातावरच चालावं लागतं. छताला डाव्या अंगाने लोखंडी कड्यांतून नायलॉनची दोरी गेलेली असते आणि ती ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या वाटीएवढ्या घंटीला बांधलेली असते. कोंढ्याला तिघे उतरले, दोघे चढले, मेघाने दोन घंट्या दिल्या. त्या वाजल्या, हे केशवरावांनाही मान्य आहे. गाडी निघाली. मेघा सातव्या सीटजवळ एका मुलीचं तिकीट काढत होती, तेव्हा मागे डुलकी लागलेली म्हातारी दचकून उठली. "अवं माय, मले उतराचं होतं नं इथंच!" मेघा म्हणाली, "थांबा आजी, थांबवते." पण आजी पायरीवर पोचलीसुद्धा. मेघाला तिची टाच दिसली. भेगाळलेली, घोट्याला काळा दोरा. डोळे टाचेवर, डाव्या हातात तिकिटाचं मशीन, आणि उजवा हात वर. वर गेला, मूठ मिटली, ओढली. टाच पायरीवरून निघाली. गाडी थांबली नाही. जबाबात तिने लिहिलं: मी एक घंटी दिली. सही करताना तिला शंकेचा लवलेशही नव्हता. मुठीत अजून दोरीचा खरखरीतपणा होता. मागे कधीतरी तुटलेली ती दोरी जिथे गाठ मारून जोडली होती, ती गाठ मधल्या बोटाच्या पेरावर रुतल्याचंही तिला आठवत होतं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना तिचा हात परातीत थांबला. गाठ पाचव्या सीटच्या वर आहे. ती सातव्यापाशी उभी होती.

तेव्हापासून ती ते चार-पाच सेकंद पुन्हा पुन्हा उलगडत होती आणि दर वेळी हात वर जात होता, मूठ मिटत होती, गाठ रुतत होती. चौदा वर्षांत तिने ही दोरी किती हजार वेळा ओढली असेल. त्यातल्या कोणत्याही सकाळची गाठ या सकाळच्या मुठीत येऊन बसली असेल, तर ती वेगळी कशी काढायची? टाच मात्र त्याच सकाळची होती. टाचेबद्दल तिला खात्री होती, कारण ती डोळ्यांनी पाहिली होती. हात तिने पाहिला नव्हता. हाताकडे कोण पाहतं? पाणी पिताना पेला तोंडाशी येतो, वेणी पाठीमागे आपोआप घातली जाते, दिवा लावायला बोट खटक्यावर जातं. अंगाला स्वतःचा ठावठिकाणा माहीत असतो असं धरूनच माणूस सकाळी उठतं.

खांदा मार्चपासून दुखत होता. आधी ब्लाउजचा मागचा हूक लावताना, मग गाडीतल्या वरच्या दांड्याला धरून उभं राहताना, मग उजव्या कुशीवर झोपताना. तिने डेपोत सांगितलं नाही. सांगितलं की दाखला आणा म्हणतात, दाखला आणला की चौकशीच्या खिडकीत बसवतात, आणि खिडकीत बसलेली बाई पुन्हा गाडीवर चढलेली तिने पाहिली नव्हती. ऑगस्टमध्ये करडीला माहेरी रोवणीला गेली, तेव्हा वाकून धान रोवताना हात चालला. रोपांची पेंढी दूर फेकताना मात्र डोळ्यांत पाणी आलं. वहिनीला वाटलं, चिखल उडाला. गोळ्या खाल्ल्या. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला एका डॉक्टरकडे खांद्यात सुई घेतली आणि दोन दिवसांत दुखणं गेलं. इतकं गेलं की तिने घरी पेढे आणले. आता मागे वळून पाहताना तिला ते दुखणं जाण्याबद्दलच संशय येऊ लागला होता. दुखत होतं तेव्हा हात खांद्याच्या वर गेला की एक काटा बोचायचा, डोक्याच्या वर गेला की दुसरा. त्या काट्यांवरून हात कुठे आहे ते तिला कळत होतं. सुईनंतर काटे गेले आणि हात मुका झाला. अकरा तारखेला की बारा तारखेला, रिता, तिची दहावीतली मुलगी, ताटावर बसल्या बसल्या हसत सुटली होती. "आई, टिकली पाय! भुवईवर चढली." मेघा आरसा न बघता घाईत टिकली लावून आली होती, रोजच्यासारखी. "ड्यूटीवर अशीच जा, तिकीट नाई मांगन कोणी, भेवानंच पळतीन," रिता म्हणाली, आणि दोघी हसल्या. आता ते हसणं आठवलं की मेघाचं बोट टिकली चाचपायला जाई. टिकली बोटभर चुकली होती. दोरी बोटभर जाड पण नसते.

चौकशी लागली आणि तिला गाडीवरून उतरवण्यात आलं. शकुनबाईंना नागपूरला नेलं होतं. कमरेचं हाड मोडलं, डोक्याला मार. घंटी दिली नसेल तर दोष मेघाचा आणि नोकरी जाणार. दिली असेल तर ती ऐकून गाडी न थांबवल्याचा दोष केशवरावांचा. एकतीस वर्षांत ज्याच्या चाकाखाली एक शेळी आली नाही, तो माणूस असा डाग घेऊन घरी जाणार. आता डेपोत लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून ती खांदा घेऊन कामिनीकडे गेली. कामिनी फिजिओथेरपीची डॉक्टर, सव्वीस वर्षांची, बसस्थानकामागे वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत बसणारी. तिने सुईच्या वेळी काढलेल्या सोनोग्राफीचा कागद वाचला. खांद्याच्या वरून जाणारा टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, अर्धवट फाटला होता. ती खरंच 'दोरी' म्हणाली. मेघाने मान खाली घातली.

"ताई, आता डोळ्याले पट्टी बांधते. घाबराचं नाई," कामिनी म्हणाली. तिने मेघाचा हात धरून हळूहळू वर नेला आणि एका जागी थांबवला. "हे ध्यानात ठेवा. हात इथं आहे. ठेवलं?" "ठेवलं." हात खाली. "आता तुमच्या मनानं तिथंच न्या." मेघाने नेला. सोपं होतं, हात तिथे गेल्याचं तिला स्वच्छ कळलं, घरात अंधारात देवळीपाशी जावं तसं. "आला?" "आला." कोनमापकाची प्लास्टिकची पट्टी दंडाला गार लागली. पेनचा आवाज आला. पुन्हा. पुन्हा. डाव्या हाताने तेच. मग पट्टी सोडून कामिनीने कागद पुढे केला. डावा हात: तीन, दोन, तीन अंशांची चूक. उजवा: अकरा, नऊ, बारा.

"म्हणजे किती?"

"तुमच्या हाताच्या लांबीनं बोटांपाशी चार-पाच इंच."

"पण मले तं वाटलं का बरोबर तिथंच आहे."

"तेच तं आहे ना ताई. चूक झाली हे कळत असतं तर तुम्ही सुधारली नसती का? या टेंडनमध्ये, सांध्याच्या आवरणात, बारीक बारीक तंतू असतात, हात कुठं आहे ते वर कळवणारे. टेंडन बिघडला का कधी कधी ते बी चुकीचं कळवतात. दुखणं थांबलं म्हणून ते सुधारतात असं नाई."

"अन् सुईनं झालं का हे?"

"सांगता नाई येत. आधीपासून बी असन. आपण आधी कुठं मोजलं होतं?"

मेघाने विचारलं, "एकोणीस तारखेले किती चुकला असन?" कामिनीने तिच्याकडे पाहिलं. भंडाऱ्यात सगळ्यांना माहीत होतं. "मी फक्त आजचं मोजू शकते," ती म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी अकरा वाजता मेघा भिंतीसमोर उभी राहू लागली. भिंतीवर तळहाताखाली चेंडू धरून त्याला गोल फिरवायचं, आधी डोळे उघडे, मग मिटून. दंडाला लाल ठिपक्याची टॉर्च बांधायची, भिंतीवरच्या कागदी फुल्यांवर ठिपका आणायचा, डोळे मिटायचे, हात खाली, पुन्हा वर, डोळे उघडायचे. ठिपका फुलीच्या खाली असायचा. नेहमी खालीच. हात आपण समजतो तेवढा वर जात नव्हता. तिला वाटायचं, डोळे उघडायच्या आधीच्या त्या क्षणात ठिपका फुलीवरच असतो आणि पापण्या हलल्या की घसरतो. ती पापण्या झटकन उघडून त्याला पकडू पाहायची. कामिनीने एकदा विचारलं, "ताई, एवढ्या जोरात डोळे काहून उघडता?" भिंतीपलीकडे बसस्थानकावरचा भोंगा ओरडायचा, कोणती गाडी कुठे लागली ते सांगायचा. पवनीची गाडी सव्वाअकराला लागायची. तिच्या पोटऱ्या अजून त्या वेळेला ताठ व्हायच्या.

करडीला बाबा पऱ्हे टाकायचे, ते तिला त्या भिंतीसमोर आठवत राहिलं. रोवणीच्या आधी धानाचं बी एका वाफ्यात फेकून रोपं करतात, त्याला पऱ्हे म्हणतात, आणि ते फेकायला घरातला एकच हात असतो. बाबांचा, सोमाजीचा, हात सगळ्या करडीत नावाजलेला. टोपली काखेला, चाल एकसारखी, आणि तोंडाने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलेल्या कोणाशी तरी बोलणं चालू. पाच-सहा वर्षांची मेघा धुऱ्यावरून सोबत चालायची. "बाबा, तुमी पायत काहून नाई, कुठं पडून राहिलं तं?" "हात पायते नं वं पोरी," सोमाजी म्हणायचा. आठ-दहा दिवसांनी वाफा उगवायचा तो सतरंजीसारखा, कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. मग एका वर्षी, मेघा तेव्हा कॉलेजात होती, वाफ्याच्या एका अंगाला खाटेएवढी जागा उघडी निघाली. बी चांगलं होतं, पाणी बरोबर होतं. सोमाजी धुऱ्यावर उभा राहून त्या जागेकडे बराच वेळ पाहत होता. फेकताना त्याला काहीच कळलं नव्हतं. त्याच्या हाताने त्याला सांगितलं होतं की झालं, सगळीकडे पडलं. पुढच्या वर्षी त्याने टोपली न बोलता मुलाच्या हाती दिली. मेघाला तेव्हा वाटलं, बाबा उगाच मनाला लावून घेतात. आता तिला विचारावंसं वाटत होतं की उघड्या जागेकडे पाहताना तुम्हाला कशाची भीती वाटली, त्या जागेची की आधीच्या सगळ्या वर्षांची. सोमाजीला जाऊन सहा वर्षं झाली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शकुनबाईंचा मुलगा डोमा तिला बसस्थानकावर भेटला. उन्हाने काळा पडलेला, चाळिशीचा माणूस, नागपूरहून परतत होता. मेघाला वाटलं आता हा ओरडणार, आणि तिने मनातून ती तयारी केली. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "बाई, मी काई भांडाले नाई आलो. माय बोलते आता थोडंथोडं. तुमी फक्त एवढं सांगा, घंटी देल्ली होती का नाई?" मेघा म्हणाली, "मले वाटते, देल्ली होती." "वाटते म्हंजे?" त्याने विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळलं नव्हतं. हाताने केलेली गोष्ट माणसाला कशी वाटू शकते? ती केलेली असते नाहीतर नसते. मेघाने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिला वाटत होतं तो ओच्यापाशी आहे. तो पर्सच्या पट्ट्यावर होता.

कामिनीने तपासणीचा कागद तिला दिला होता, तारखेसह, सहीसह. भुपेंद्रने, तिच्या नवऱ्याने, तो वाचून घडी घातली. "चौकशीत हा दाखवाचा नाई." "काहून?" "काहून म्हंजे? तूच लिहून देऊन राहिली का माहा हात खोटा आहे. केशवराव म्हणते वाजली नाई, तू म्हणते देल्ली. इथंवर बरोबरीचं आहे. कायले आपलं पारडं हलकं करतं?" तो वाईट माणूस नव्हता, घर तिच्याही हातावर चालत होतं, हे तो बोलला नाही एवढंच. मेघाला त्याचं पटलं. आणि पटल्यावर तिला जाणवलं की तिला जिंकायचंच नव्हतं. तिला कळायला हवं होतं. कोणीतरी ते चार-पाच सेकंद तिच्यासमोर ठेवून सांगायला हवं होतं: ही बघ तुझी मूठ, ही दोरी.

सतरा डिसेंबर, बुधवार, दुपारी दीड वाजता केशवरावांचा फोन आला. तीच गाडी डेपोच्या आवारात दुरुस्तीला उभी होती. "ये बरं एकडाव. कोणाले सांगू नको. आपण दोघंच पाहू." ती गेली तेव्हा ते सीटवर बसलेले होते, मफलर, चष्मा, स्टिअरिंगवर एक जुना लॉगशीट, फेऱ्या नोंदवायचा कागद, उलटा ठेवून. एका महिन्यात ते म्हातारे दिसू लागले होते.

"काका, तुमी माह्यावर चिडले असान."

"चिडतो कायले वं. मी खोटं बोलून नाई राहिलो, तू बी नाई बोलून राहिली. हेच तं झंझट आहे. एक जण लबाड असता तं आतापर्यंत मिटलं असतं." ते समोरच्या काचेकडेच पाहत बोलत होते. "तू सातव्या सीटपाशी उभी राय. डावीत मशीन धर. पायरीकडे पाय, वर नको पाहू. एक घंटी दे अन् मंग मले सांग, ओढली का नाई. दहा डाव करू."

ती उभी राहिली. गाडीत डिझेलचा आणि उन्हाने तापलेल्या रेक्झिनचा वास होता. पायरीवर कोणी नव्हतं. तिने तिथे टाच आणली, काळा दोरा आणला. हात वर गेला. मूठ मिटली. "ओढली." पुढून केशवरावांचा पेन सरकल्याचा आवाज. "पुढची." हात वर. "ओढली." घंटीचा आवाज तिच्या कानावर येत होता की नाही, याकडे तिने लक्ष द्यायचं नाही असं ठरवलं होतं, तिला फक्त हाताला विचारायचं होतं. पण चौथ्या की पाचव्या वेळी तिने ऐकलं, ऐकायला काहीच नव्हतं, आणि तरी मूठ भरलेली होती. खरखरीत. तिने वर पाहिलं नाही. "ओढली," ती म्हणाली, कारण हात तसंच सांगत होता, आणि तिच्याजवळ विचारायला दुसरं कोणी नव्हतं. दहा झाले.

"किती?" तिने विचारलं.

केशवरावांनी रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या. "सात वाजल्या."

"अन् मी?"

"तू दहाही डाव 'ओढली' म्हणली."

आवारात कोणीतरी टायरवर हातोडा मारत होतं. मेघा सातव्या सीटवर बसली. केशवरावांनी चष्मा काढून मफलरने पुसला. ते उठले नाहीत. "थांब, पुरतं आयक," ते म्हणाले. "आता इंजिन बंद होतं. त्या दिवशी चालू होतं, दुसऱ्या गिअरमंधी. अन् सातातली एक अशी होती का मले समजलंच नाई, वाजली का नुसती कडी हालली. मी रेघ मारली. काहून मारली, माहीत नाई." त्यांनी लॉगशीटची घडी घातली आणि ती शर्टाच्या खिशात ठेवावी की तिला द्यावी हे न ठरल्यासारखी हातात धरून ठेवली.

चौकशी चोवीस डिसेंबरला झाली. मेघाने घरी न सांगता कामिनीचा कागद दिला. चौकशी अधिकाऱ्याने तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "हे पंचवीस नोव्हेंबरचं आहे," तो म्हणाला. "एकोणीसला हात कुठे होता, ते यात कुठे आहे?" ती म्हणाली, "यात नाही." "तुमचा जबाब बदलायचा आहे का?" तिने विचार केला. 'दिली' असं लिहिलं तर तिला ते माहीत नव्हतं, 'दिली नाही' असं लिहिलं तर तेही माहीत नव्हतं, आणि 'माहीत नाही' याला जबाबाच्या नमुन्यात रकाना नव्हता. ती म्हणाली, "हाताले विचारलं तं तो अजूनही हो म्हणते." अधिकाऱ्याने लिहिलं: जबाब कायम. केशवरावांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घंटी वाजली नाही म्हणालो होतो. आता म्हणतो, मले आयकू आली नाही." अधिकाऱ्याने दोन वाक्यांतला फरक विचारला. केशवरावांना तो सांगता आला नाही. त्यांचाही जबाब कायम राहिला. दहा घंट्यांबद्दल दोघेही बोलले नाहीत; लॉगशीट अजून केशवरावांकडेच आहे.

दोन जानेवारीला शकुनबाईंना कोंढ्याला आणलं. पवनीला गाडीत बसल्याचं त्यांना आठवतं, शिंगाडे घेतल्याचं आठवतं, त्यानंतरचं नाही. ती गाडी पुन्हा पवनी मार्गावर गेली आहे. दुरुस्तीत दोरी बदलली. नवी दोरी जुनीपेक्षा चार बोटं खाली आहे आणि तिला गाठ नाही. सोमवारी, पाच तारखेला, कामिनीने पुन्हा पट्टी बांधून मोजलं. मेघाने हात वर नेला, थांबवला, आणि "आला," म्हणाली. चूक सहा अंश. चौकशीच्या निकालाचं पत्र अजून आलेलं नाही.